जनकाबाईचा आवाज

सिनेमात जे ऐकू येतं त्यातलं निम्म्याहून जास्त खोटं असतं, हे धम्मरत्न अवसरमोलनं जानेफळच्या लोकांना वीस वर्षं सांगितलं आणि वीस वर्षं ते कोणाला पटलं नाही. हिरो चिखलातून पळतो तेव्हा अंधेरीच्या एका तळघरात धम्मरत्न ओल्या फडक्यांच्या ढिगावर पाय आपटत असतो. हाड मोडतं ते मुळ्याचं असतं. घोडा दौडतो तो दोन करवंट्यांवर, आणि जंगल पेटतं ते चुरगळलेल्या चकचकीत कागदात. समोर पडदा, पडद्यावर मुका सिनेमा, आणि पायाखाली वाळू, मुरूम, फरशी, लाकडी फळी असे चौकोन आखलेले. नटाचा पाय ज्या क्षणी पडेल त्याच क्षणी याचा पाय पडला पाहिजे, असं ते काम.

"म्हंजे तू सिनेमात हाये, पन दिसत नाई?" स्टँडवरच्या हॉटेलात कोणी ना कोणी दर खेपेला विचारायचंच.

"नाई दिसत."

"बोलत बी नाई?"

"नाई."

"मंग करतं काय बे?"

"चालतो."

यावर जो हशा पिकायचा तो हॉटेलवाल्याच्या भज्यांपेक्षा जास्त चालायचा. अवसरमोल ड्रायव्हरचं पोरगं मुंबईत चालायचा पगार घेतं, ही गोष्ट गावात लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगितली जाई. धम्मरत्नला त्याचा राग कधी आला नाही. उलट चहा तोच पाजायचा.

पण सगळंच काही तळघरात बनवता येत नाही. सुपात तूर पाखडणं, अंगणात शेणाचा सडा टाकणं, ज्वारीच्या पिठावर पडणारा तळहात, हे आवाज बनवायला बसलं की दिवस जातो आणि हाती काही लागत नाही. म्हणून वर्षातून दोन-तीनदा तो मशीन घेऊन गावी यायचा. गाव शांत असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी गावात कधी माइक उघडलेला नसतो. विहिरीवरच्या मोटारी, पिठाची गिरणी, कोणाच्या तरी घरातला मोठ्यानं लावलेला टीव्ही. धम्मरत्न लाइन जायची वाट बघत बसायचा. लाइन गेली की हे सगळं एका दमात बंद पडे, अख्खं गाव लाइनमनच्या नावानं खडे फोडायला लागे, आणि हा एकटा माणूस खुशीत अंगणाकडे धावे.

अंगणात त्याची आई असायची, जनकाबाई.

मराठी सिनेमातल्या निदान तीस-चाळीस माउल्या जनकाबाईच्या हातानं भाकरी थापतात. नट्यांना भाकरी येत नाही हे काही गुपित नाही. पडद्यावर त्यांचे गोरे हात हलतात आणि थाप पडते ती जानेफळच्या जनकाबाईची. तिचं सूप, तिची केरसुणी, तिच्या काचेच्या बांगड्या, तिच्या रबरी चपला, सगळं धम्मरत्ननं पंधरा वर्षांत भरून नेलं होतं. काम करायला तिच्यासारखी बाई नव्हती. एकदा सांगितलं की तसंच दहा वेळा करून दाखवायची, कंटाळा नाही. अडचण एकच होती. तिच्यानं मुकाट्यानं काम होत नसे.

"माय, एक मिनिट गप बस ना."

"हाव, गपच हाये मी."

आणि सुपाचे दहा-बारा झटके झाले की सुरू. शेजारच्या कलाबाईच्या सुनेनं काय केलं, तू किती वाळला, मुंबईत तुले कोनी जेवाले देते का नाई, ही कोंबडी अठीच काऊन मरून राह्यली. धम्मरत्न मशीन थांबवायचा नाही. थांबवून पुन्हा सुरू करण्यापेक्षा मागाहून कापणं सोपं. ज्या दीपकदादाच्या हाताखाली तो हे काम शिकला त्यानं पहिल्याच महिन्यात कान पिळून सांगितलं होतं की आपल्याला हात पाहिजे, माणूस नको. बोलणं आलं की तो आवाज एका बाईचा होऊन बसतो, मग दुसऱ्या कुठल्या सिनेमात लावता येत नाही. साफ करायचं, नाव द्यायचं आणि कचरा त्याच दिवशी टाकून द्यायचा, नाहीतर डिस्क भरते आणि डोकंही. धम्मरत्न शिस्तीचा माणूस. त्याच संध्याकाळी अंगणातल्या खाटेवर लॅपटॉप मांडीवर घेऊन, कानाला हेडफोन लावून तो आईचं बोलणं कापत बसायचा. जनकाबाई हात पुसत यायची आणि स्क्रीनवरच्या हिरव्या रेघांकडे बघायची.

"मी आली का त्याच्यात?"

"आली ना."

मग ती हे शेजारी सांगायला जायची.

मागच्या वर्षीच्या थंडीत दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी मेहकरला न्यावं असं ठरलं, आणि गाडी दारात येईपर्यंत जनकाबाई गेली. धम्मरत्न पोचला तेव्हा तिला अंगणात आणून ठेवलं होतं. त्याला काही बोलायला मिळालं नाही. घरी राहिले वडील, इंद्रभान. तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर, मेहकर डेपो. निवृत्त झाल्यावर काचबिंदूनं आधी एक डोळा नेला, मग दुसरा, आणि सहा वर्षांपासून त्यांना उजेड आणि अंधार यातलाही फरक कळत नव्हता. या सहा वर्षांत त्यांची सगळी दुनिया बायकोच्या तोंडात होती. डाव्या हाताले खाट हाये, चहा गरम हाये, आता कोन आलं त वळखा पाहू. आता धम्मरत्नची बहीण सारिका, जिला दोन गल्ल्या पलीकडे दिलं होतं आणि जी गावात आरोग्य खात्याची आशाताई म्हणून काम करायची, ती सकाळ-संध्याकाळ येऊन त्यांचं बघायची.

आई जाऊन वर्ष झालं तेव्हाच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला धम्मरत्न आला. वंदना झाली, चार लोक चांगलं बोलले, जेवणं झाली, पाहुणे दुपारच्या गाड्यांनी पांगले. इंद्रभाननं त्याला खाटेवर शेजारी बसवून घेतलं.

"धम्मा, तुह्या मायचा आवाज जाऊन राह्यला."

"म्हंजे?"

"ती काय काय बोले ते सारं आठवते मले. पन आता ते माह्याच आवाजात येते. मी मनातल्या मनात तिचं बोलनं बोलतो, ती नाई बोलत." म्हाताऱ्याचा हात खाटेच्या नवारीवरून फिरत होता. "चेहरा त डोयासंगंच गेला. त्याचं मी मनावर घेतलं नाई. पन आता हे बी गेलं त माह्यापाशी काय राह्यलं सांग बरं?"

त्यांनी तोंड मुलाच्या बाजूला वळवलं.

"तुह्यापाशी त ढीगभर हाये. दर खेपेले मशीन भरून नेत होता तू. त्यातलं एक लावून दे मले. लय मोठं नको. पाच मिनिटाचं दे."

"हाव, बाबा. देतो," धम्मरत्न म्हणाला, आणि त्याला वाटलं की तो खरंच बोलतोय. पंधरा वर्षं आपण आईला मशीनमध्ये भरत होतो, मग ती तिथं असणारच, असं कुठल्याही माणसाला वाटलं असतं.

मुंबईला आल्यावर त्यानं जानेफळ नावाच्या सगळ्या फायली काढल्या. तीनशे बारा निघाल्या. सूप तूर हळू. सूप तूर जोरात. केरसुणी ओली माती. भाकरी थापणे, लांबून. भाकरी थापणे, जवळून. बांगड्या कपाळाला हात लावताना. नावंसुद्धा किती नीट दिली होती गाढवानं. एकेक फाइल लावत गेला आणि एकेक फाइल स्वच्छ निघाली. जिथं जनकाबाई बोलायला लागली असेल तिथं फाइल संपलेली, किंवा जोड इतका बेमालूम की दीपकदादानं पाठ थोपटावी. आठ दिवस तो रोज काम संपल्यावर हेच करत बसला. शेवटी शेवटी तर एखादी चूक सापडावी, एखादा शब्द चुकून राहिलेला असावा म्हणून तो स्वतःच्या हलगर्जीपणाची भीक मागायला लागला होता. पण तो कधी हलगर्जी वागलाच नव्हता.

बाकी कुठं असणार? सारिकाच्या लग्नाची शूटिंग होती. त्या शूटिंगवाल्यानं तीन तासांच्या कॅसेटवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सनई आणि गाणी चढवलेली. जनकाबाई त्यात हसते, रडते, आचाऱ्याला चांगली झापते, आणि वर गाणं चालू. मोबाइलमधले व्हिडिओ होते तीन-चार. पण मोबाइल समोर धरला की ती पदर सारखा करून, ओठ मिटून ताठ उभी राहायची, कारण फोटो काढताना बोलायचं नसतं असं तिचं ठाम मत होतं. धम्मरत्नच्या केसाळ माइकला मात्र तिनं कधी कॅमेऱ्याचा मान दिला नाही. "तुह्या कुत्र्याच्या पिल्लाले बाजूले घे बरं," म्हणायची, आणि त्याच्यासमोर मनमोकळं बोलायची. म्हणजे साऱ्या जगात तिचा आवाज एकाच ठिकाणी पडला होता आणि तिथून तो पोटच्या पोरानं झाडून काढला होता. धम्मरत्नला स्वतःची शिसारी आली. जुन्या डिस्क त्यानं पुसलेलं परत आणणाऱ्या एका माणसाकडे दिल्या. चौथ्या दिवशी त्यानं त्या परत केल्या. एकेका जागेवर वीस-वीस वेळा नवं लिहिलेलं आहे, म्हणाला, खाली काही नाही.

दर रविवारी इंद्रभानचा फोन यायचा. सारिका लावून द्यायची.

"झालं का बे?"

"साफ करून राह्यलो, बाबा."

"साफ कायले करतं? जसं हाये तसं दे ना."

असे पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी म्हातारा म्हणाला की परवा तिची हाक आठवायला बसलो तर कलाबाईचीच आठवली. त्या दिवशी धम्मरत्ननं ठरवलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सिनेमात खोटं खऱ्यासारखं करून दिलं, मग बापासाठी एवढं एक का करू नये, असा त्याचा हिशेब. सारिकाचा आवाज आईवर गेला होता. फोनवर तर मावश्यासुद्धा फसायच्या.

तो गावी आला आणि थेट सारिकाच्या घरी उतरला. तिला हे मुळीच पसंत नव्हतं.

"दादा, बाबाले फसवाचं?"

"फसवाचं नाई वं. काई तरी त द्यावं लागन ना त्याइले."

"खरं सांगून दे ना मंग."

"तू सांगतं?"

दुपारी दारंखिडक्यांना गोधड्या लटकवून त्यानं तिला बोलायला बसवलं. काय बोलायचं ते दोघांनी आठवून आठवून काढलं. चहा गरम हाये. डाव्या हाताले खाट हाये. या कोंबडीले कोनी तरी हाकला वं. बोलता बोलता सारिकाला दोनदा रडू आलं आणि दोन्ही वेळा धम्मरत्ननं मशीन थांबवलं. मग त्यानं तिचा आवाज थोडा खाली उतरवला, त्याला तंबाखूनं घासल्यासारखी खरखर दिली, बोलण्याचा वेग कमी केला, आणि खाली आईचं सूप लावलं, ते मात्र खरं होतं. झाल्यावर हेडफोन लावून त्यानं ते दोनदा ऐकलं. इतकं चांगलं काम त्यानं कोणत्या सिनेमासाठी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंद्रभान आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसले होते. टोपीसुद्धा घातली होती. धम्मरत्ननं ती काढून त्यांच्या कानांवर हेडफोन बसवले आणि लावलं. सारिका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हाताऱ्यानं मान किंचित वर केली, जशी ते गाडी चालवताना घाटात करायचे. शेवटपर्यंत ऐकलं. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"सूप तिचंच हाये," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "सारिका, तुह्या घशाले काय झालं वं?"

सारिकानं पदर तोंडाला लावला.

"दुसऱ्या डेपोची गाडी आपल्या डेपोत आनून उभी केली तरी मले इंजिनवरून समजे," इंद्रभान म्हणाले. आवाजात राग नव्हता, रागाला ताकद लागते. "खरं कुठी हाये, धम्मा?"

"नाई, बाबा."

"नाई म्हंजे?"

"कापलं मी. ती बोलली का मी ते कापून टाको अन् नुसतं सूप ठेवो. कामच तसं हाये. दर खेपेले कापलं."

"सारं?"

"सारं."

"काऊन?"

धम्मरत्नला यावर पुष्कळ सांगता आलं असतं. दीपकदादाचं सांगता आलं असतं, डिस्कचं सांगता आलं असतं, धंद्याची रीत सांगता आली असती. पण समोर बसलेल्या माणसाला त्यातलं काय सांगायचं? त्यानं खरं तेच सांगितलं.

"कामाचं नव्हतं ते, बाबा."

मग इंद्रभाननं विचारलं, "कापलं म्हंजे कुठी तरी पडलं असन ना? शिंप्याकडं बी चिंध्या पडते."

"नाई पडत, बाबा. पुसल्या जाते ते."

"असं," म्हातारा म्हणाला. आणि पुन्हा म्हणाला, "असं."

धम्मरत्न त्यांच्या पायाशी बसून रडला. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, पण त्याला लाज वाटली नाही. इंद्रभाननं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. ठेवतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी चाचपून हेडफोन घेतले आणि पुन्हा कानाला लावले.

"लाव. जे उरलं ते लाव."

त्यानं एकामागून एक फायली लावायला सुरुवात केली. केरसुणी. सडा. भाकरी जवळून, भाकरी लांबून. इंद्रभान ऐकत राहिले. सारिकानं मध्ये चहा आणून ठेवला, तो निवला, तिनं तो परत नेला. अर्ध्या-पाऊण तासानं धम्मरत्ननं विचारलं की हात तरी वळखू येते का. "हात तिचेच हाये," ते म्हणाले. "पन हाताशी मी काय बोलू?" तो बंद करायला गेला तर त्यांनी मान हलवली. चालू दे.

ऐंशी-नव्वद फायली झाल्या असतील. सुपात तूर पाखडल्याची एक जुनी, आठ-नऊ वर्षांपूर्वीची फाइल संपली आणि इंद्रभानचा हात वर गेला.

"थांब. मांगं घे."

"काय झालं?"

"मांगं घे म्हनलं ना. शेवट लाव."

धम्मरत्ननं शेवट पुन्हा लावला. म्हाताऱ्याचं तोंड उघडं राहिलं होतं. त्यानं हेडफोन काढून मुलाच्या हातात दिले.

"ऐक."

धम्मरत्ननं आवाज शेवटपर्यंत चढवला. तुरीचे दाणे दगडासारखे कानात आदळले. मग सूप थांबलं, आणि फाइल संपायच्या आधी, दाण्यांची सळसळ विरता विरता, एक श्वास होता. आत घेतलेला. अर्ध्या सेकंदाचाही नसेल. त्यानं स्क्रीनवर ती जागा मोठी करून पाहिली तेव्हा आपलीच कारागिरी त्याला दिसली. पहिल्या अक्षराची रेघ जिथं वर उठत होती तिथं त्यानं नेमकी सुरी ठेवली होती. त्याच्या आधीचा श्वास दाण्यांच्या आवाजाखाली दबला होता म्हणून तो वाचला.

"बोलाच्या आधी असा दम घे ती," इंद्रभान म्हणाले. "भांडाचं असलं का मोठा घे. हा लहान हाये. हा मले हाक माराच्या आधीचा हाये." मग एकदम घाईनं त्यांनी मुलाचा दंड धरला. "म्होरं काय हाये? म्होरं लाव ना."

"म्होरं नाई, बाबा. तठीच कापलं."

"अजून हाये का असे? पाहून घे बरं. सारे पाहून घे."

धम्मरत्न पाहायला बसला. जेवायलाही उठला नाही. दुपारी चारपर्यंत त्यानं तीनशे बाराच्या तीनशे बारा फायलींचे शेवट आणि जोड तपासले आणि त्यात अकरा श्वास सापडले. अकरा वेळा जनकाबाई काहीतरी सांगणार होती. त्यानं ते कापून वेगळे केले, त्यांच्यावरचे दाणे, माती, बांगड्या जमेल तितक्या पुसल्या, आणि एकापुढे एक ओळीनं लावले. दोन श्वासांमध्ये त्यानं चार-चार सेकंदांची मोकळी जागा सोडली. ती का सोडली हे त्याला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

इंद्रभान सकाळचाच सदरा घालून, भिंतीला न टेकता बसले होते. हेडफोन लावल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी ते कानांवर दाबून धरले. धम्मरत्ननं सुरू केलं. बाहेर काही ऐकू येत नव्हतं. फक्त म्हाताऱ्याचा चेहरा दिसत होता.

"हं," इंद्रभान म्हणाले.

चार सेकंद गेले.

"हाव."

सारिका भावाजवळ येऊन बसली.

"अठीच हाये मी," इंद्रभान म्हणाले. स्वयंपाकघरातून बायकोनं विचारावं आणि खाटेवरून नवऱ्यानं उत्तर द्यावं, इतकं सहज. मग, "बोल ना." मग, "बोल ना वं." मग नुसते ओठ हलत होते. स्क्रीनवरची रेघ अकराव्या श्वासावरून पुढे गेली आणि थांबली. इंद्रभान कानावरचे हात न काढता तसेच बसून राहिले. संपलं म्हणून सांगायचा धीर ना धम्मरत्नला झाला ना सारिकाला.

शेवटी तेच बोलले.

"तिले बोलू त द्याचं होतं, धम्मा."

"हाव, बाबा."

"पुन्हा लाव."

धम्मरत्ननं पुन्हा लावलं. या खेपेला इंद्रभान मध्ये एक अक्षरही बोलले नाहीत, तिला बोलायला अडचण होऊ नये म्हणून.